लक्ष्मीच्या मागचा रंगवलेला पडदा

कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी, दोन हातांत कमळं, बाजूला पाण्यात सोंडेत माळ धरलेला हत्ती. हे चित्र पहिल्यांदा कुठे पाहिलं असं कुणाला विचारलं, तर धड सांगता येणार नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे, देवघरात, कॅलेंडरवर, लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ते इतक्यांदा समोर आलेलं असतं की लक्ष्मी अशीच दिसते, याबद्दल मनात शंकाच येत नाही. पण ती अशी दिसायला लागून फार काळ झालेला नाही. त्याआधी ती देव्हाऱ्यातल्या टाकांवर, देवळातल्या दगडात, पोथ्यांच्या पानांवर होती आणि गावोगावी तिचं रूप निराळं होतं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत रंगीत छपाईचा कारखाना सुरू केला. काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या स्वस्त छापांनी घराघरातल्या भिंती व्यापल्या आणि एका चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली लक्ष्मी सगळ्यांची ‘मूळ’ लक्ष्मी होऊन बसली. बाईचं जे रूप आपल्याला स्वाभाविक वाटतं, ते कुणीतरी, कुठल्या तरी साधनांनी, कुणाच्या तरी पसंतीसाठी घडवलेलं असतं, हे एरवी पटवून देणं जड जातं. बंगळूरुच्या कलावंत पुष्पमाला एन. गेली पंचवीस-तीस वर्षं ते पटवून देत आहेत. त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. त्या स्वतःच त्या चित्रातली बाई होऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहतात.

त्या काय करतात हे कळण्यासाठी आधी मूळ चित्रांकडे नीट पाहायला हवं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करून घेतली आणि ती पाहायला लोकांनी गर्दी केली. युरोपीय तैलचित्रणातली गोलाई, नाटकातल्या मुद्रा आणि दागिन्या-साड्यांची श्रीमंती यांचं हे मिश्रण त्या काळच्या प्रेक्षकाला नवंही होतं आणि आपलंही वाटणारं होतं. त्यांची दुष्यंताला वळून पाहणारी शकुंतला घ्या. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून ती थांबली आहे, आधाराला सखी आहे आणि मान मागे वळलेली आहे. सख्यांना तिची लबाडी कळलेली आहे. दुष्यंत मात्र चित्रात नाही. म्हणजे शकुंतला ज्याला पाहते तो आपल्याला दिसत नाही, आणि आपण तिला पाहतो आहोत याचा तिला पत्ता नाही. तिचं शरीर आपल्यासाठी वळलेलं आहे, डोळे दुसऱ्या कुणासाठी. कालिदासाच्या नाटकात हा क्षण शकुंतलेच्या धिटाईचा आहे, ती बहाणा करून हवं त्याला पाहून घेते. चित्रात तीच धिटाई पाहणाऱ्याच्या सुखाचा भाग होते. बाईनं पाहणं हासुद्धा बाईला पाहण्याचाच एक प्रकार होऊन बसतो. चित्रकारानं हे कपटानं केलं असं नाही. पण मांडणी अशी आहे की त्या वळलेल्या मानेला उत्तर द्यायची गरज आपल्याला पडत नाही.

रविवर्म्यांची चित्रं छापली जात होती त्याच्या आगेमागेच बाईच्या प्रतिमा घडवणारा दुसरा एक कारखाना जोरात होता. तो शास्त्राच्या नावानं चालायचा. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकारानं १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसं एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलं, असा प्रकार आहे. १८६८ पासून ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड सरकारी आश्रयानं निघाले. १८६९ मध्ये जॉन लॅम्प्रे या इंग्रजानं आणखी एक साधन सुचवलं. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणायचे, दोन-दोन इंचांचे चौकोन पाडायचे आणि त्यासमोर माणसाला उभं करून फोटो काढायचा. मग जगाच्या दोन टोकांची शरीरं टेबलावर शेजारी ठेवून मोजता येतात. अंदमानात मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्यानं १८९० च्या दशकात तिथल्या आदिवासी स्त्री-पुरुषांना अशाच चौकोनी पार्श्वभूमीपुढे उभं केलं. मद्रासच्या संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन माणसांची डोकी आणि नाकं मोजत होते. दक्षिण भारतातल्या जातीजमातींवरचे त्यांचे सात खंड १९०९ मध्ये आले. अशा फोटोखाली बहुतेक वेळा बाईचं नाव नसे, जमातीचं असे.

हा सगळा साहेबाचा उद्योग होता असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच मोठ्या पदाला पोचलेले कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे मराठी चित्रकलेतलं मोठं नाव. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्यानं १९२० मध्ये भारतातल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यातली रंगीत चित्रं धुरंधरांची आहेत. ही बाई अमुक जातीची, ती तमुक प्रांताची, तिचं लुगडं असं, तिचा दागिना तसा. धुरंधरांच्या रेषेत आपुलकी आहे, निरीक्षण आहे, कपड्याच्या चुणीचंसुद्धा कौतुक आहे. तरी पुस्तकाची बैठक यादीचीच राहते. आपुलकीनं काढलेलं चित्रही माणसाला नमुना करू शकतं, याचं हे उदाहरण आहे.

देवघरातली लक्ष्मी आणि चौकोनांपुढची आदिवासी बाई यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एकीपुढे आपण हात जोडतो, दुसरीला कुणीतरी पट्टीनं मोजतं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. समोर एक विशिष्ट बाई उभी असते आणि चित्र तिला एका साच्याची प्रतिनिधी करतं. एकीचा साचा समृद्धीचा, दुसरीचा वंशाचा. मधल्या जागेत मग बाकीचे साचे येतात. सुशील, कुलटा, माता, विरहिणी, चेटकीण, अबला. कौतुकाचा साचा आणि हेटाळणीचा साचा एकमेकांच्या विरुद्ध आहेत अशी आपली समजूत असते. एकाच हातानं ते घडवता येतात आणि एकाच शरीरावर बसवता येतात, हे दाखवून देणं हे पुष्पमालांच्या कामाचं मर्म आहे.

पुष्पमाला यांचा जन्म १९५६ चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या शिल्पकला शिकल्या आणि शिल्पकार म्हणूनच आधी नावाजल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्या छायाचित्रांकडे वळल्या. कॅमेऱ्यामागे न जाता त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. २००० ते २००४ या काळात त्यांनी बंगळूरुत राहणाऱ्या छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया: मॅनर्स अँड कस्टम्स’ हा मोठा संच केला. नाव मुद्दाम जुन्या वसाहतकालीन ग्रंथासारखं ठेवलेलं आहे. त्यासाठी त्यांनी दक्षिणेत फिरणाऱ्या स्त्री-प्रतिमांमधून निवडक उचलल्या. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि त्यांचीच चांदण्यात बसलेली स्त्री. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवली गेलेली आणि आज डब्लिनच्या संग्रहालयात असलेली योगिनी. वेलंकणीची माता. निलगिरीतली तोडा बाई, एकोणिसाव्या शतकातल्या फोटोवरून. हातात चाबूक घेतलेली जयललिता, तमिळ सिनेमातल्या दृश्यावरून. आणि गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडलेल्या दोन बायका, वर्तमानपत्रातल्या फोटोवरून. या प्रत्येक चित्रासाठी पडदे रंगवून घेतले, कपडे शिवून घेतले, दागिने जमवले, प्रकाश मूळ चित्राप्रमाणे बेतला आणि मूळ बाईच्या जागी पुष्पमाला उभ्या राहिल्या.

हे फोटो एका भिंतीवर ओळीनं लावले की त्यांचं बोलणं सुरू होतं. चेहरा तोच, अंगकाठी तीच. एका चौकटीत ती पूजनीय आहे, दुसरीत मोजण्याजोगी, तिसरीत पोलिसांनी पकडलेली. बाई बदललेली नाही, बदललं आहे ते भोवतीचं सामान. मागे कमळं असली की देवी, चौकोन असले की जमात, पोलिसी फोटोची मांडणी असली की गुन्हेगार. लक्ष्मीच्या फोटोजवळ थोडं थांबलं तर आणखी काही दिसतं. रविवर्म्यांच्या चित्रात पाणी, आकाश, हत्ती आणि देवी एकाच तैलरंगात, एकाच कुंचल्यानं रंगवलेली असल्यानं ती सगळी एकाच जगातली वाटतात. फोटोत तसं होत नाही. मागचा पडदा रंगवलेला आहे हे कॅमेरा लपवू शकत नाही, बाई मात्र हाडामांसाची आहे. चित्रात चार हात रंगवायला काही लागत नाही, जिवंत बाईला ते जोडावे लागतात. शिवाय मूळ लक्ष्मीला वय नाही, आणि फोटोतली लक्ष्मी चाळिशी ओलांडलेली एक विचारी बाई आहे. देवीचं तेज कशाकशानं जमवलं होतं याचा हिशेबच त्यामुळे उघडा पडतो. संचाच्या एका भागात तर ही चित्रं कशी उभी केली त्याचीच छायाचित्रं आहेत. पाहणाऱ्याला फसवायचं आणि वर फसवण्याची रीतही दाखवायची, असा हा व्यवहार आहे.

या विचाराला जगात पूर्वपीठिका आहे. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेत आणि तिच्यावरच्या पुस्तकात युरोपीय चित्रांतली नग्न स्त्री ही चित्राबाहेर उभ्या असलेल्या पुरुष-प्रेक्षकासाठी मांडलेली असते, हे उदाहरणं देऊन दाखवलं. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या गाजलेल्या निबंधात तोच मुद्दा हॉलिवूडच्या सिनेमापर्यंत नेला. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक हे तिघं मिळून पाहतात आणि बाई पाहिली जाते, असं त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत सिंडी शर्मन यांनी १९७७ ते १९८० या काळात सत्तरच्या आसपास कृष्णधवल फोटो काढले. ते सिनेमातल्या प्रसंगांसारखे दिसतात आणि प्रत्येकात वेगवेगळ्या वेशात शर्मन स्वतः आहेत. पुष्पमालांची त्यांच्याशी तुलना नेहमी होते. ती वरवर बरोबर असली तरी एक फरक महत्त्वाचा आहे. शर्मन यांचे फोटो कुठल्याच ठरावीक सिनेमातले नाहीत. ते फक्त ओळखीचे वाटतात. पुष्पमालांच्या चित्रांना पत्ता आहे. हे रविवर्म्यांचं, हे विजापूरचं, हे अमुक दशकातल्या सिनेमाचं. त्यामुळे त्यांचं काम ‘पुरुषी नजर’ अशा एका सर्वसाधारण नावावर थांबत नाही. कुठल्या छापखान्यानं, कुठल्या खात्यानं, कुठल्या स्टुडिओनं ही नजर घडवली, इथपर्यंत ते जाऊन पोचतं. आपल्याकडे नजरेला जात आहे, वसाहतीचा इतिहास आहे आणि देवधर्मही आहे. बाहेरचं सूत्र जसंच्या तसं लावून भागत नाही, ते यामुळेच.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे तर शाळेच्या संमेलनातलं वेशांतर झालं. दुसऱ्याची चित्रं उचलायची, तसे कपडे घालायचे आणि फोटो काढून घ्यायचा, यात कला कसली? मराठी वाचकाला या आक्षेपाचं उत्तर घरातच सापडेल. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतला’त बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून रंगभूमीवर आले. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या साड्या, केशरचना, पदर घेण्याची ढब यांचं अनुकरण चांगल्या घरच्या स्त्रिया करत होत्या, हे नाट्येतिहासात पुन्हा पुन्हा नोंदलेलं आहे. एका पुरुषानं अभ्यासानं घडवलेलं स्त्रीपण खऱ्या स्त्रियांना नमुन्यादाखल मिळालं. म्हणजे वेशांतर ही क्षुल्लक गोष्ट नाही. बाई कशी दिसावी, कशी चालावी, हे समाज ज्या मार्गांनी शिकवतो त्यातला तो एक भक्कम मार्ग आहे. बालगंधर्वांची थोरवी अशी की त्यांची कारागिरी दिसेनाशी व्हायची आणि बाईच उरायची. पुष्पमाला त्याच वाटेनं उलट्या दिशेला जातात. त्यांच्याकडे बाई आहेच, ती असताना कारागिरी दिसायला लागते. नक्कल हुबेहूब असावी लागते ती यासाठी. ढिसाळ नक्कल केली असती तर प्रेक्षक हसून पुढे गेला असता. मूळ चित्राचा मोह जिथल्या तिथे ठेवून त्याला लागलेले टाके दाखवायचे, तर शिवण पक्कीच हवी.

मोह या शब्दावर थोडं थांबावं लागेल, कारण स्त्रीवादी कला म्हणजे सतत कान उपटणारी, रुक्ष कला, असाही एक समज आहे. पुष्पमालांचं मुंबईतलं काम तो खोटा ठरवतं. १९९६ ते १९९८ या काळातली त्यांची ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही कृष्णधवल फोटोंची मालिका मुंबईत घडते. तिच्यातली मुखवट्यातली नायिका ‘हंटरवाली’मुळे (१९३५) घराघरात पोचलेल्या फियरलेस नादियाची आठवण घेऊन येते. वाडिया मूव्हीटोनची नादिया चाबूक चालवायची, गाडीवरून उड्या मारायची आणि गुंडांना उचलून आपटायची. हिंदी सिनेमातली बाई फक्त रडण्यासाठी होती, असं म्हणणाऱ्यांना ती अडचणीची आहे. या मालिकेत तिची एक जुळी बहीणही आहे, बदनाम गल्लीतली. सज्जन आणि दुर्जन बाई हे हिंदी सिनेमाचे दोन ठरलेले साचे इथे एकाच चेहऱ्याचे निघतात. त्यानंतर पुष्पमाला दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत गेल्या. जे. एच. ठक्कर यांनी तिथे सिनेमातल्या नटनट्यांचे देखणे फोटो पिढीभर काढले होते. त्या बुजुर्ग छायाचित्रकाराकडून त्यांनी नवरसांचे फोटो काढून घेतले. गालावर पडणारी प्रकाशाची तिरीप, केसांभोवतीची प्रभा, डोळ्यांतली चमक, सगळं जुन्या उस्तादाच्या हातचं. इथे कसबाची टिंगल नाही, कदर आहे. ‘शृंगार’ किंवा ‘भयानक’ हा भाव जितका चेहऱ्यावर असतो तितकाच दिव्याच्या कोनात असतो, हे त्या कसबाला दाद देतच कळतं. प्रतिमेवर प्रेम असलेल्या माणसालाच तिची तपासणी चांगली करता येते, हे या कामातून लक्षात येतं.

दुसरा आक्षेप रविवर्म्यांच्या बाजूनं येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या काळात सर्वसामान्य माणसाला देवाचं चित्र परवडत नव्हतं, काहींना तर देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्या काळात या छापांनी देव घरी आणला. पुराणातल्या स्त्रियांना त्यांनी मानवी चेहरा दिला, दुःख दिलं, अंगावर मान्यतेची साडीचोळी दिली. अशा चित्रकाराला आजच्या चष्म्यातून दोषी धरणं अन्याय नाही का? दोषी धरलं असतं तर तो अन्याय झाला असता. पण पुष्पमालांच्या फोटोंत खटला नाही. त्या चित्रांची शक्ती मान्य असल्याशिवाय कुणी इतक्या कष्टानं त्यांची पुनर्रचना करणार नाही. प्रश्न रविवर्म्यांच्या हेतूचा नाहीच, त्यांच्या चित्रांच्या यशाचा आहे. एक प्रतिमा इतकी यशस्वी झाली की गोरी, भरल्या अंगाची, उच्च जातीच्या वेशातली बाई हीच देवी, हीच सुंदर, हीच भारतीय, असं समीकरण बसलं. देव घरोघरी आला हे खरं. देवीचा रंग आणि नेसण ठरून गेली, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच छापखान्यातून आलं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे. शहरी, शिकलेली, इंग्रजी जाणणारी कलावंत तोडा बाईचा वेश घेते तेव्हा ती जुन्या अधिकाऱ्याचीच रीत पुन्हा गिरवत नाही का? रविवर्म्यांच्या नायिकेचा वेश घेणं आणि जिला फोटोसाठी संमतीसुद्धा विचारली गेली नसेल अशा बाईचा वेश घेणं, या दोन गोष्टी समान नाहीत. लक्ष्मी दुखावत नाही, तोडा समाज दुखावू शकतो. या आक्षेपाला पुरतं उत्तर नाही असं मला वाटतं. पुष्पमालांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्या तोडा स्त्रीचं जीवन दाखवण्याचा दावा करत नाहीत. तिच्याबद्दल काढल्या गेलेल्या एका फोटोचं दर्शन घडवतात. चौकोनांच्या पडद्यापुढे स्वतः उभं राहून, मोजणाऱ्या यंत्रणेपुढे कुणाचंही शरीर ठेवलं की ते नमुनाच होतं, हे त्या सिद्ध करतात. हे सिद्ध करायला त्यांनी दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही, हेही ध्यानात घ्यावं. तरीही फोटो काढून झाल्यावर त्यांना तो वेश उतरवून ठेवता आला. जिचा मूळ फोटो होता तिला ती मोकळीक नव्हती. ही मर्यादा या कामाच्या आतच आहे, आणि ती झाकून त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही.

त्या मर्यादेपलीकडे जाणारी वाट दिल्लीच्या शीबा छाछी यांच्या ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’ या मालिकेत दिसते. १९८० च्या दशकात त्या स्त्रीचळवळीत होत्या आणि मोर्चांचे फोटो काढत होत्या. हुंडाबळींविरुद्ध उठलेला आवाज, उगारलेल्या मुठी, घोषणा. हळूहळू त्यांना जाणवलं की चळवळीचे फोटोही साचा घडवतात. लढणारी बाई म्हटली की मूठ, त्यामागची बाई दिसत नाही. मग त्यांनी सात कार्यकर्त्या स्त्रियांबरोबर बसून फोटो ठरवले. जागा कोणती, जवळ वस्तू कुठल्या, बसायचं कसं, हे त्या-त्या स्त्रीशी बोलून. सत्यराणी चढ्ढा यांची मुलगी १९७९ मध्ये सासरी जळून गेली आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षं न्यायासाठी घालवली. त्यांचं १९९० मधलं चित्र सर्वोच्च न्यायालयापाशी काढलेलं आहे. मोर्चातल्या गर्दीत त्या शोकग्रस्त आई होत्या. इथे त्यांनी आपली जागा ठरवून घेतलेली आहे. जिचा फोटो तिलाच मांडणीत वाटा, ही रीत पुष्पमालांच्या रीतीपेक्षा न्यायाची वाटते. पण तिलाही तिची अडचण आहे. माणूस स्वतःला कसं मांडायचं हे ठरवतो तेव्हा तोही आधी पाहिलेल्या चित्रांतूनच ठरवतो. म्हणून दोन्ही कामं एकमेकांना हवीत. एक साचा उघडा करतं, दुसरं तो उघडा झाल्यावर काय करता येईल ते आजमावतं.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. हे सगळं कलादालनांत चालतं, रस्त्यानं जाणाऱ्या बाईला त्याचं काय? कलादालनातला हिशेबही काही फार सुधारलेला नाही, हे आधी कबूल करू. न्यूयॉर्कच्या गुरिल्ला गर्ल्स या गटानं १९८९ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन मोजदाद केली. आधुनिक कलेच्या विभागात ५ टक्क्यांहून कमी कलावंत स्त्रिया होत्या, आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. २०१२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा कलावंत स्त्रियांचं प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली होतं, नग्नचित्रांत स्त्रिया ७६ टक्के. भिंतीवर बाई भरपूर, सहीत बाई नाही. आपल्याकडे याचं सौम्य रूप दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दिसतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोव्याकडून आलेल्या दोन विलक्षण कसबी चित्रकारांनी मुखपृष्ठांवरची आणि कॅलेंडरवरची बाई घडवली. हातात निरांजन, खाली झुकलेल्या पापण्या, नऊवारीची चापूनचोपून नेसण. त्यांच्या रेषेवर मराठी घरांनी प्रेम केलं आणि ते योग्यच होतं. पण अंक कथांचा असो की राजकारणाचा, वर बाई का, आणि ती नेहमी खालीच का पाहते, हे कुणी विचारलं नाही. रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा या सगळ्याशी संबंध इथे येतो. स्थळं पाहायची वेळ आली की मुलीचा फोटो काढला जायचा, मागे रंगवलेला बगीचा, हात कुठे, मान किती कलती, हे फोटोग्राफर सांगायचा. मुलीला बघायला येणारे तिच्याआधी तो फोटो बघायचे. तिची मान त्या कोनात कलली ती कुठून, हे दलाल-मुळगावकरांपासून रविवर्म्यांपर्यंत मागे जात शोधता येतं.

आता काळ बदलला, कॅमेरा बाईच्याच हातात आला, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्वतःचा फोटो स्वतः काढणं, तो कुणाला दाखवायचा ते ठरवणं, नको असलेला पुसून टाकणं ही मोठी मोकळीक आहे. मागच्या कुठल्याच पिढीतल्या बाईला ती नव्हती. पण फोनमधलं चेहरा सुंदर करणारं फिल्टर काय करतं ते पाहावं. आधी ते चेहऱ्यावर ठरावीक बिंदू टाकून डोळे, नाक, जबडा यांची जागा मोजतं. मग त्वचा उजळ, डोळे मोठे, नाक निमुळतं करतं. लॅम्प्रेची दोऱ्यांची चौकट शरीराची मापं घेऊन वर्गवारी करायची. ही चौकट मापं घेऊन दुरुस्ती सुचवते. दोऱ्यांच्या चौकटीपुढे बाईला कुणीतरी उभं करत होतं, आता ती आपण होऊन उभी राहते, एवढा फरक आहे. फरक लहान नाही, पण मापं ठरवणारा कोण हा प्रश्न दोन्हीकडे तोच राहतो.

म्हणून पुष्पमालांसारख्यांच्या कलेकडून चुकीची अपेक्षा ठेवू नये. ती बाईचं ‘खरं’ चित्र हाती देत नाही. तशी एखादी खरी प्रतिमा कुठेतरी दडलेली आहे आणि खोट्या प्रतिमा बाजूला केल्या की ती सापडेल, हा समजसुद्धा एक साचाच आहे. सतीची जागा स्वतंत्र बाणेदार स्त्रीनं घेतली म्हणून पाहण्याची सवय आपोआप सुटत नाही. जाहिरातवाल्यांना तर नवा साचा जुन्यापेक्षा जास्त चालतो. ही कला देते ते याहून मर्यादित आणि जास्त उपयोगाचं आहे. चित्र कुणी मांडलं, कुठल्या साधनांनी, कुणाला उभं करून आणि कुणासमोर, हे विचारायची सवय ती लावते. ‘बाई अशीच असते’ या म्हणण्याशी वाद घालता येत नाही, कारण त्याला बोलणारा नाही आणि तारीखही नाही. पण हे रूप अमुक साली, अमुक छापखान्यात, अमुक पडद्यासमोर घडलं असं कळलं की त्या रूपाचं कौतुकही करता येतं आणि त्याला जाबही विचारता येतो.